युसूफ वडगाव आलं की दोरी

बीड जिल्ह्यात न हलणाऱ्या गोष्टी दोनच. एक, पाण्यात पाय रोवून उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ आणि दुसरे आमचे साडू. त्यातही देऊळ निदान दगडाचं आहे आणि एका जागी आहे. आमचे साडू हाडामांसाचे, आणि उभे असत ते चालत्या एसटीत. बीड–युसूफ वडगाव गाडीवर ते कंडक्टर होते. गाडी मांजरसुंब्याच्या घाटाला लागली की आतली माणसं, कोंबड्या, दुधाच्या किटल्या, एखादं पेंगणारं पोर, सगळं एका बाजूला झुकायचं, वळण संपलं की दुसऱ्या बाजूला झुकायचं. मधल्या वाटेत साडू मात्र डाव्या हातात तिकिटांचा ट्रे, उजव्या हातात पंच आणि कानावर पेन्सिल घेऊन, घरच्या ओसरीवर उभं राहावं तसे उभे. दांडीला त्यांनी हात लावलेला मी पाहिला नाही. पाहिलेला दुसरा कोणी मला भेटलेला नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. वयानं माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान. मी त्यांना साडू म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात. मी बीडला शाळेत मास्तर होतो. त्यांच्याविषयी लिहायचं फार दिवस मनात होतं, पण त्यांच्याविषयी लिहायचं तर मला माझ्याविषयीही एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. म्हणून आधी त्यांच्या घड्यांविषयी सांगतो.

एसटीत लागण्याआधी साडू फौजेत होते. तिथं त्यांचं काम पॅराशूटची घडी घालण्याचं. साडूंच्या भाषेत ‘छत्रीची’. एकेक दोरी सरळ करून, एकेक कळी, म्हणजे कापडाची दुमड, मोजून, मोठ्या लांब टेबलावर ती छत्री दुमडायची, पिशवीत बसवायची आणि तिच्या खिशात एक चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठीवर दोन ओळी. ‘घडी घालणारा’ आणि ‘उडी मारणारा’. पहिल्या ओळीत आपली सही करायची. दुसरी ओळ ज्याची त्यानं भरायची. ही सवय त्यांनी फौजेतून पेटीबरोबर घरी आणली. त्यांच्या घरातली मच्छरदाणी, सतरंजी, बायकोचं लुगडं, सगळं छत्रीच्या शिस्तीनं दुमडलेलं असे आणि प्रत्येकात चिठ्ठी. नेकनूरला सासऱ्यांच्या घरी लग्न निघालं की मांडवाच्या कनातींची घडी साडूंनीच घालायची. दुसऱ्यानं घातलेली घडी दिसली की ते न बोलता सगळी उलगडून पुन्हा घालत. मेव्हण्याच्या लग्नात वऱ्हाड निघायच्या वेळी नवरदेवाचा फेटा सापडेना. सापडला तेव्हा तो तळहाताएवढा झालेला होता आणि आत चिठ्ठी होती. “दाजी, ह्याच्यात सही कावून केली?” मेव्हण्यानं विचारलं. साडू गंभीरपणे म्हणाले, “सही म्हंजी जबान. उद्या डोक्यावर सुटला अन् सही नसली, तर मला बोलता यील का तुला?”

पण या माणसाच्या मनात एक काटा होता. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी घड्या घातल्या, स्वतः कधी उडी मारली नाही. फौजेत दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा साहेबांनी तोच जवाब दिला, “तू उड्या मारत बसलास तर घडी कोण घालणार?” हुशारीनं माणसाचं नुकसान होतं ते असं. साडूंनी मुकाट्यानं पेन्शन घेतली, खाकी बदलून दुसरी खाकी चढवली आणि छत्रीच्या दोरीऐवजी घंटीची दोरी ओढू लागले. एक घंटी, गाडी थांबते. दोन घंट्या, गाडी सुटते. ते म्हणत, “भाऊ, रोज दोनशे डाव दोरी ओढतो मी. पन हवेत एकदा बी न्हाई.”

ते दिवस देशात सगळं नवीन येण्याचे होते. नेकनूरच्या टपरीत परदेशी शीतपेयाच्या बाटल्या दिसू लागल्या होत्या, चौकाचौकात एसटीडीचे पिवळे डबे आले होते आणि केजच्या स्टँडासमोरच्या हॉटेलात केबलचा टीव्ही आला होता. एके दिवशी गाडी दहा मिनिटं थांबलेली असताना साडू चहाला त्या हॉटेलात गेले आणि टीव्हीवर गोरी माणसं विमानातून उड्या टाकताना दिसली. हातपाय पसरून, पाखरासारखी, निवांत. साडूंचा कप हातात तसाच राहिला. इकडं कोण्या घाईच्या प्रवाशानं दोनदा दोरी ओढली आणि ड्रायव्हरनं सवयीनं गाडी सोडली. गाडी युसूफ वडगावला पोचली तेव्हा तिच्यात कंडक्टर नव्हता. मागून जीप करून साडू आले, तर ड्रायव्हर म्हणाला, “काय बे, गाडी सोडून कुठं गेलतास?” साडू म्हणाले, “वर.”

पुढच्याच महिन्यात त्यांना खबर लागली, की शेजारच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या धावपट्टीवर फौजेतून निवृत्त झालेले एक कॅप्टन हिवाळ्यात साध्या माणसांना उड्या मारायला शिकवतात. साडूंनी पत्र टाकलं. कॅप्टनना घडी घालणारा माणूस हवाच होता. त्यांनी उलट टपाली लिहिलं, छत्र्यांच्या घड्या घाला आणि त्या बदल्यात उड्या शिका. साडू पत्र घेऊन थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, “भाऊ, तुमचं बी नाव टाकलंय.”

यात दोष माझाच होता. दिवाळीत सासरी जेवणं झाल्यावर मी, मास्तरकीच्या जोरावर, भीती या विषयावर पाऊण तास बोललो होतो. भीती ही केवळ मनाची अवस्था आहे, असं मी सुपारी कातरत सांगितलं होतं. बाकीचे पेंगले होते. एकटे साडू डोळे मोठे करून ऐकत होते. “तुमीच म्हनलता, भीती बिती काय नसती. म्हून टाकलं.” आता मागं कसं फिरायचं?

कॅप्टनच्या दोन दिवसांच्या वर्गात मी पहिला आलो. वहीभर टिपणं काढली, तोंडी परीक्षेत एकही उत्तर चुकलो नाही. पहिल्या उडीत एक पट्टा विमानाला बांधलेला असतो, छत्री आपोआप उघडते, आपण फक्त दारातून बाहेर पडायचं आणि अंग स्थिर ठेवायचं, एवढं सोपं. तिसऱ्या दिवशी उडी. सासऱ्यांना हे कळलं होतं. नेकनूरात त्यांचं किराणा दुकान. आम्ही त्यांना मामा म्हणतो. जावई आकाशातून उतरणार म्हटल्यावर मामांनी जीप केली, दहाबारा माणसं, हार, फेटा, शाल, नारळ, पेढे, सगळं घेऊन ते धावपट्टीच्या कडेला दोरीमागं येऊन उभे राहिले.

विमानाला दार नव्हतं. हे वर्गात सांगितलं होतं, वहीत लिहिलंही होतं, पण नसलेलं दार म्हणजे काय ते वहीत कळत नाही. खाली ज्वारीची वावरं रुमालाएवढी दिसत होती. वारा कानात ओरडत होता. मोठा म्हणून पहिला मान माझा. कॅप्टननी खांद्यावर थाप मारली. मी निघालो असं मला वाटलं. पाहतो तर मी दोन्ही हातांनी लोखंडी चौकट धरून बसलो होतो. दुसरी थाप. तिसरी. मागून साडूंचा आवाज आला, नळावर बादली लावलेल्या माणसाला विचारावं तसा, “भाऊ, तुमचं चालू द्या निवांत. तवर मी जाऊन यिऊ का?” मग त्यांनी लांब श्वास सोडला, तोंडानं “टन् टन्” केलं आणि गेले. पाण्यावर पिंपळाचं पान पडावं तसे ते हवेवर पडले. वर छत्री उघडली. मी चौकट धरून, विमानासह, खाली आलो.

आता जे सांगतो ते इतकी वर्षं सासरी कोणाच्या गळी उतरलेलं नाही. विमान पट्टीच्या दुसऱ्या टोकाला थांबलं. मी उडी मारणाऱ्याचाच गणवेश, तेच शिरस्त्राण, पाठीवर छत्रीचं न उघडलेलं ओझं घेऊन कडेकडेनं चालत येत होतो. वाऱ्यानं साडू लांब कोणाच्या तरी वावरात उतरले होते. खालच्या मंडळींनी आकाशात एकच छत्री पाहिली होती. मोठ्या जावयाच्या आधी धाकट्याच्या पानात मीठ वाढलेलं मामांना चालत नसे. छत्री एक आहे म्हणजे ती मोठ्याची, यात त्यांना विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. सगळे धावत आले. हार पडला, फेटा बसला, शाल आली. मामांनी माझ्या पाठीवरचं नीटनेटकं ओझं चाचपलं आणि डोळ्यांत पाणी आणून सगळ्यांना म्हणाले, “बघा, बघा! वरून उतरला, अन् घडी सुदिक घालून आनली!” ती घडी साडूंची होती. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं. त्यात मामांनी पेढा घातला.

पेढा गिळायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ गेल्यावर मी बोलू शकलो असतो. बोललो नाही. तासाभरानं साडू एका शेतकऱ्याच्या बैलगाडीतून आले, पायजम्याला कुसळं, केसांत माती. छत्री, गणवेश, शिरस्त्राण, सगळं त्यांनी कॅप्टनच्या जीपमधून पुढं पाठवलं होतं, त्यामुळं हात रिकामे. मामा त्यांच्यावरच उखडले, “कुठं गायब झालतासा? तुमच्या भाऊनं उडी मारली, अन् तुमी न्हाई बघायला!” साडूंनी माझ्याकडं पाहिलं. फेट्याकडं, शालीकडं, मग माझ्या चेहऱ्याकडं. आणि म्हणाले, “बघितली की, मामा. वरून लई ब्येस दिसली.” त्यातलं ‘वरून’ कोणाच्या लक्षात आलं नाही.

परतीच्या वाटेवर मी त्यांना एकट्याला गाठून माफी मागितली, शाल पुढं केली. ते म्हणाले, “भाऊ, मला उडी पायजे होती, ती घावली. शाल काय करू? एसटीत गारठा न्हाई लागत.” बायकोला मी आठ दिवसांनी सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. “शाल तर घिऊन बसलात,” ती म्हणाली, “आता ती खरी तरी करा.”

ती शाल खरी करायची म्हणून मी साडूंकडं शिकायला लागलो. दर रविवारी त्यांची गाडी. बीडहून चढायचं आणि युसूफ वडगावपर्यंत मधल्या वाटेत काही न धरता उभं राहायचं. “धरलं की पडतो, भाऊ. गुडघं ढिलं सोडा. पायाकडं बघू नका, लांब बघा, काचंच्या पल्याड.” पाली गेलं की घाट सुरू व्हायचा आणि मी कोणाच्या तरी अंगावर. एकदा एका गृहस्थाच्या भेंडीच्या टोपलीत बसलो. एक म्हातारी दर रविवारी कळवळून म्हणायची, “मास्तर, शीट रिकामं हाय की रं! कावून जीवाला तरास?” साडू तिला सांगत, “बसू द्यायचं न्हाई, आजी. त्यांना उडायचंय.” म्हातारी पदरानं तोंड झाकून घ्यायची.

गाडीतलं शिक्षण संपलं की त्यांच्या अंगणातलं. ज्वारीच्या पोत्यावर मला पालथं घालून ते म्हणत, “बेंबी समद्यात खाली. हात, पाय, मान, समदं वर. ब्याडमिंटनचं फूल बघितलं का? कसं बी फेका, जड बाजू खाली यिऊन गपगार पडतंय. तुमी फूल व्हा.” मुलं कुंपणावरून बघत, आणि मी, वर्गात छडी मिरवणारा मास्तर, पोत्यावर फूल होण्याचा प्रयत्न करी. कॅप्टन इंग्रजीत दहा आकडे मोजायला सांगत. साडूंना ते पटत नसे. “आकडं घाबरल्यावर इसरत्यात. थांबं इसरत न्हाईत.” म्हणून त्यांनी मला त्यांच्या गाडीचे थांबे दिले. बीड, पाली, मांजरसुंबा, नेकनूर, येळंबघाट, नांदूर, केज. “एकेक नाव सावकाश. युसूफ वडगाव आलं की दोरी. शेवटचा थांबा हाय, तिथं उतरावंच लागतंय.”

एकदा मी विचारलं, “साडू, तुम्हाला खरंच भीती वाटत नाही?” ते तिकिटं जुळवत होते. “वाटती की. त्या दिवशी दारात पोटात नुसतं पाणी झालतं. पन घाटात रोजच व्हतंय. मंग मोठा श्वास सोडायचा अन् तिकीट फाडायचं. हाताला काम दिलं की पोट आपोआप गप बसतंय.” भीतीवर माझं पाऊण तासाचं भाषण होतं. यांचं एवढंच.

पावसाळा संपेपर्यंत मला घाटात उभं राहता येऊ लागलं. ज्या दिवशी युसूफ वडगावपर्यंत एकदाही हात लावला नाही, त्या दिवशी साडूंनी गाडीत कोणाला काही न सांगता एकच टाळी वाजवली, आणि ड्रायव्हरनं दचकून ब्रेक दाबला.

हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी नेकनूरला कळू दिलं नाही. पट्टा बांधलेल्या तीन उड्या मी मारल्या. पहिली बटाट्याच्या पोत्यासारखी, दुसरी अर्ध्या पोत्यासारखी, तिसरी मात्र कॅप्टननी मान हलवण्याजोगी. चौथी सुटी उडी. पट्टा नाही, दोरी आपली आपण ओढायची. साडू त्या दिवशी रजेवर होते, तरी इस्त्रीची खाकी घालून आले होते. माझी छत्री त्यांनी पहाटेपासून तीनदा उलगडून तीनदा घातली होती. दारात मी बसलो. श्वास सोडला. हाताला काम म्हणून बोटं एकदा उघडली, मिटली. तोंडानं “टन् टन्” म्हटलं आणि गेलो.

बीड म्हणेपर्यंत आभाळ पायाखाली आणि जमीन डोक्यावर होती. पालीला मी हवेला धरायला बघत होतो, दोन्ही मुठी आवळून. मांजरसुंबा म्हटलं आणि घाट आठवला. धरलं की पडतो. मुठी सोडल्या. गुडघे सोडले. बेंबी खाली टाकली आणि मान वर करून लांब पाहिलं. जग एकदा गर्रकन फिरलं आणि थांबलं. नेकनूरला मी स्थिर होतो. येळंबघाटला वाऱ्याची बाज झाली होती आणि मी तिच्यावर पालथा पडून होतो. नांदूरला मला खालची नदी दिसली. केजला, खोटं कशाला सांगू, हसू आलं. युसूफ वडगावला दोरी ओढली. मग इतकी शांतता झाली की खाली वावरात कोणी बैलाला हाक मारली तीही ऐकू आली. आणि एक खाकी ठिपका माझ्या सावलीमागं पळत होता.

मी उतरलो तेव्हा साडू धापा टाकत पोचले. मला वाटलं मिठी मारतील. त्यांनी छत्रीची दोरी हातात घेऊन तपासली आणि काळजीनं विचारलं, “घडी बरी बसलती ना, भाऊ?”

त्यानंतरच्या धोंड्याच्या महिन्यात मामांनी दोघा जावयांना जेवायला बोलावलं. भरल्या पंक्तीत मी सगळं सांगून टाकलं. ती पहिली उडी माझी नव्हती, यांची होती, मी चौकट धरून बसलो होतो, शाल यांची आहे. मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. “ह्याला म्हनत्यात मोठेपना,” ते सगळ्यांना म्हणाले, “स्वतःची उडी धाकट्याच्या पदरात टाकतोय.” मी साडूंकडं वळलो, “तुम्ही तरी सांगा!” साडू धोंडे तुपात बुडवत होते. वर न बघता म्हणाले, “भाऊंचा सभावच तसा हाय, मामा.” मामांनी उठून कपाटातून आणखी एक शाल आणली आणि माझ्या खांद्यावर टाकली. त्यानंतर खरं बोलायचं मी तिथं बंद केलं. प्रत्येक वेळी एक शाल म्हटली तर ठेवायची कुठं?

आता मामा नाहीत. साडू निवृत्त झाले. नेकनूरला असतात, गुडघे कुरकुरतात. नव्या गाड्यांत दोरीही राहिली नाही, बटण असतं. कधी बीडला येतात ते प्रवासी म्हणून. त्यांना जागा देतात, पण मांजरसुंब्याचा घाट आला की ते उठून उभे राहतात, हात मागं बांधून. ती पहिली शाल मी दोनदा त्यांच्या घरी नेऊन दिली. दोन्ही वेळा ती घडी होऊन परत आली.

गेल्या आठवड्यात पेटी आवरताना मी ती पहिल्यांदा पूर्ण उलगडली. इतकी वर्षं उलगडायचा धीर झाला नव्हता, आणि तशी घडी मोडवतही नव्हती. अगदी आत चिठ्ठी होती. घडी घालणारा, पुढं त्यांची सही. उडी मारणारा, पुढं काही नाही. ती ओळ ज्याची त्यानं भरायची असते, त्यांनी ती माझ्यासाठी सोडली होती. मी पेन काढलं आणि तिथं त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासह.

मग चिठ्ठी आत ठेवून शालीची पुन्हा घडी घालायला बसलो. कडेला कड लावली, कळ्या मोजल्या, तळहातानं दाबून पाहिलं. चार दिवस झाले. त्यांच्यासारखी बसत नाही.